एक टन टीएनटी म्हणजे किती युनिट करंट? ऊर्जा आणि स्फोटाच्या मापांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना फिजिक्स शिकवते. खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ कुठून कुठून पोरं येतात, अर्धी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, थोडी कन्नड, उरलेली इंग्लिश. युद्धाची बातमी आली की रात्री मेसेज सुरू, मॅडम किलोटन म्हणजे काय, आणि आता पालक पण विचारतात. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. नंबर दिलेत म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. ज्यूल, कॅलरी, करंटचं युनिट, टन टीएनटी, हे सगळं एकच गोष्ट मोजतात का?

होय, चारही ऊर्जाच मोजतात (टीएनटी हे एक स्फोटक, त्यावरून हे माप). जमीन कुणी गुंठ्यात सांगतं कुणी एकरात, पण जमीन तीच, तसंच हे. रोजच्याला लागणारे आकडे एवढेच: १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल, १ किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल, बिलातलं १ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल, आणि १ टन टीएनटी म्हणजे ४१८ कोटी ४० लाख ज्यूल. हे चार पाठ असले की बाकीचं सगळं यातूनच निघतं. वॉट आणि हॉर्सपॉवर मात्र या यादीत मुद्दाम घातले नाहीत, का ते ५ नंबरमध्ये आहे.

२. गुणायचं की भागायचं, हेच कळत नाही. सोपी पद्धत सांगा.

खानापूरहून गोकाकला जायचं तर आपण काय करतो, बेळगावच्या स्टँडवर उतरतो आणि तिथून दुसरी गाडी धरतो. ज्यूल हे ते स्टँड समजा. कुठल्याही मापातून निघा, आधी ज्यूलवर या (इथे गुणाकार), मग तिथून पाहिजे त्या मापात जा (इथे भागाकार). एवढंच.

उदाहरण घ्या, ५० युनिट करंट म्हणजे किती किलो टीएनटी? ५० ला ३६ लाखांनी गुणलं, १८ कोटी ज्यूल आले. एक किलो टीएनटी म्हणजे ४१ लाख ८४ हजार ज्यूल, त्याने भागलं, ४३ किलो. शेवटी एकदा नजर टाकायची, लहान मापातून मोठ्यात गेलो तर आकडा लहान झाला पाहिजे, झाला नसेल तर कुठेतरी उलटं केलंय.

३. आपल्या मीटरचं एक युनिट म्हणजे टीएनटीच्या हिशोबात किती?

८६० ग्रॅम. उलट बाजूने १ किलो टीएनटी म्हणजे १.१६ युनिट, १ टन म्हणजे १,१६२ युनिट. गृहज्योतीचे (कर्नाटकातली फुकट विजेची योजना) २०० युनिट धरले तर ते १७२ किलो टीएनटीएवढी ऊर्जा होते, आणि हे ऐकून वर्गात दरवेळी एक मिनिट शांतता पसरते.

घरचा मीटर जवळ जाऊन बघा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरात एक आकडा असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. त्याचा अर्थ ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. म्हणजे एक लुकलुक ही १,१२५ ज्यूलची, पाव ग्रॅमपेक्षा किंचित जास्त टीएनटीएवढी. गीझर चालू करून दिव्याकडे बघत बसा, दोन किलोवॉटचा गीझर असेल तर सेकंदाला पावणेदोन वेळा लुकलुकतो. ऊर्जा डोळ्याने मोजता येते ती अशी, मी मुलांना हा घरचा अभ्यास देतेच. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर ३६ लाखाला त्या आकड्याने भागा.

४. एक टन टीएनटीचं वजन एक टनच असतं का? आणि ४.१८४ हाच आकडा का?

मूळ कल्पना तशीच होती, एक टन टीएनटी फुटल्यावर जेवढी ऊर्जा निघेल तेवढी. पण खऱ्या टीएनटीची ऊर्जा मोजायला गेलं की पद्धतीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, शिवाय टन कुठला हाही घोळ, मेट्रिक टन १,००० किलोचा आणि अमेरिकन टन ९०७ किलोचा. म्हणून ठरवूनच टाकलं की १ ग्रॅम टीएनटी म्हणजे बरोबर १,००० कॅलरी. त्यामुळे १ टन म्हणजे १०० कोटी कॅलरी, आणि एक कॅलरी ४.१८४ ज्यूल म्हणून हा आकडा. आता ते वजन राहिलेलं नाही, ऊर्जेचं माप झालंय.

किलोटन म्हणजे असे हजार टन, मेगाटन म्हणजे दहा लाख टन. अणुबॉम्ब १५ किलोटनचा होता असं वाचलं तर तो १५ हजार टन वजनाचा होता असं समजू नका, हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब साधारण ४,४०० किलोचा होता.

५. पेपरात 'स्फोटाची शक्ती' लिहितात, पुस्तकात ऊर्जा आणि शक्ती वेगळे आहेत. आणि कन्नड पुस्तकात तर भलतंच. नेमकं काय धरायचं?

हा प्रश्न आपल्याच भागातला आहे, पुण्याच्या मुलाला हा पडणार नाही. मराठी पुस्तकात साठा म्हणजे ऊर्जा आणि दर सेकंदाला किती खर्च होते ते म्हणजे शक्ती. कन्नड पुस्तकात ऊर्जेलाच 'शक्ती' म्हणतात आणि आपल्या शक्तीला ते 'सामर्थ्य' म्हणतात. म्हणजे शब्द एक, अर्थ दोन. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी आणि कन्नडमध्ये शिकलेला मुलगा एकाच बाकावर बसून शक्ती म्हणतात, आणि दोघांच्या डोक्यात वेगळी गोष्ट असते. मला स्वतःला हे समजायला शिकवायला लागल्यावर दोन वर्षं लागली, तोवर कन्नड मीडियमची मुलं ज्यूलच्या जागी वॉट का लिहितात हे मला कळतच नव्हतं आणि मी त्यांचे मार्क कापत होते, त्याचं आजही वाईट वाटतं.

तर एकक बघा, शब्द बघू नका. ज्यूल, कॅलरी, किलोवॉट-तास, टन टीएनटी ही ऊर्जा. वॉट, किलोवॉट, हॉर्सपॉवर ही शक्ती. पेपरातलं 'स्फोटाची शक्ती १५ किलोटन' हे खरं तर ऊर्जेचं माप आहे.

६. एक ग्रॅम गुळात टीएनटीपेक्षा जास्त ऊर्जा असते हे खरं का? मग गूळ का फुटत नाही?

अगदी खरं. टीएनटी ग्रॅमला १ किलोकॅलरी, गूळ ग्रॅमला साधारण ३.८, तेल आणि तूप ९. दिवसाला २,००० किलोकॅलरी जेवणारा माणूस रोज २ किलो टीएनटीएवढी ऊर्जा पचवतो. म्हणजे नुसत्या ऊर्जेच्या बाबतीत टीएनटी गुळापुढे गरीबच.

फरक वेळेचा आहे. गूळ जळायला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून घ्यावा लागतो, हवा जेवढी पोचेल तेवढंच जळणार. टीएनटीच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, म्हणूनच तर ग्रॅमला ऊर्जा कमी भरते, कारण त्या ऑक्सिजनचं वजन पण आपण मोजतोय. पण त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही. स्फोटाची लाट टीएनटीतून सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर वेगाने जाते. एक किलोचा गोळा लहान नारळाएवढा, साडेदहा सेंटीमीटर रुंद, मधून पेटला तर कडेला पोचायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे जेमतेम आठ भाग. तेवढ्या वेळात ४१ लाख ८४ हजार ज्यूल बाहेर. शक्ती काढली तर साडेपाचशे गीगावॉट येते. कोयना प्रकल्प पूर्ण चालला तर १,९६० मेगावॉट, म्हणजे २८० कोयना, पण फक्त त्या आठ भागांपुरत्या. आणि हीच ऊर्जा मीटरवर सव्वा युनिटपण नाही.

सगळ्या पानाचं सार हवं असेल तर हेच उत्तर वाचा, टन टीएनटी ऊर्जा सांगतं, स्फोट किती जोराचा ते वेळ ठरवते.

७. मग साखर कारखान्यात कधी स्फोट झाल्याचं ऐकलंय, ते कसं?

६ नंबरला हा अपवाद आहे आणि आपल्या जिल्ह्यात एवढे कारखाने असताना तो माहीत असायलाच पाहिजे. साखर खडा असताना कडेकडेनेच जळते. पण तीच साखर पिठासारखी बारीक होऊन बंद जागेत हवेत उडाली की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते, मग एक ठिणगी पुरते. अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे ७ फेब्रुवारी २००८ ला साखरेच्या धुळीचा असाच स्फोट झाला, १४ माणसं गेली. पिठाच्या गिरणीत, मक्याच्या स्टार्चमध्ये पण हेच. ऊर्जा तीच होती, वेळ कमी झाला. म्हणून ज्यांची मुलं, नवरे अशा ठिकाणी कामाला आहेत त्यांना माझं मनापासून सांगणं, धूळ साचू देऊ नका, झाडताना उडवू नका.

८. घरचा गॅस सिलेंडर म्हणजे १५० किलोचा बॉम्ब, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

गणित बरोबर आहे, निष्कर्ष चूक. १४.२ किलो गॅस, किलोला साधारण ४६ मेगाज्यूल, एकूण ६५३ मेगाज्यूल, भागलं की १५६ किलो टीएनटी. पण ही सगळी ऊर्जा बाहेर यायला सगळा गॅस हवेत नीट मिसळून एकदम पेटावा लागतो, तसं होत नाही. गॅस पसरून पेटला तरी धक्क्यात जाते ती ऊर्जा सहसा काही टक्केच असते, उरलेली आगीत जाते. त्या काही टक्क्यांनी पण भिंत पडते, म्हणून वास आला की लाईटचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर व्हा.

९. विहिरीला सुरुंग लावतात त्यातली जिलेटिनची कांडी म्हणजे किती टीएनटी?

नाव जिलेटिन पडलंय पण आत आता बहुतेक ठिकाणी स्लरी किंवा इमल्शन (पाणी मिसळलेलं स्फोटक) असतं. खाणीतल्या अशा मालाची ऊर्जा किलोमागे सहसा टीएनटीच्या आसपास किंवा थोडी कमी. प्रत्येक स्फोटकाला टीएनटीशी तुलना करणारा एक गुणक असतो, आरडीएक्सचा साधारण १.६, म्हणजे १ किलो आरडीएक्स दीड किलो टीएनटीहून जास्त. वजन गुणिले गुणक, झालं रूपांतर.

नंदगडकडे मामाच्या शेतात विहीर पाडताना लहानपणी बघितलंय. खाली कातळ लागला, पहार मारली की नुसता ठणका हाताला. मग लायसनवाला माणूस आला, दुपारी भोकं पाडली, शिट्टी, लाल बावटा, आम्हा पोरांना लांब आंब्याखाली उभं केलं. आधी तळपायाला धक्का लागला, मग जवळजवळ सेकंदाने आवाज आला. मामा म्हणाला जमीन लवकर सांगते. आता मुलांना तेच शिकवते, दगडातून लाट सेकंदाला काही किलोमीटर जाते आणि हवेतून आवाज ३४० मीटर. त्या दिवशी वापरलेला सगळा माल ऊर्जेच्या हिशोबात दहा-वीस युनिटचा असेल, पंपाची मोटर तेवढे सहज खाते. पण मोटर कातळ फोडत नाही, कारण ६ नंबर.

आणि हो, हे काम लायसनवाल्याचंच, त्याबाबत यापुढचं काही मला विचारू नका, सांगणार नाही.

१०. किलोटन आपल्या ओळखीच्या गोष्टीत सांगा.

१ किलोटन म्हणजे ११ लाख ६२ हजार युनिट. हिडकल धरणाचं वीजघर ३२ मेगावॉटचं, ते पूर्ण ताकदीने दीड दिवस चाललं की १ किलोटन ऊर्जा. कोयना पूर्ण चालली तर ३६ मिनिटं. हिरोशिमाचा, ६ ऑगस्ट १९४५ चा बॉम्ब साधारण १५ किलोटन, म्हणजे कोयनेचे नऊ तास. नागासाकीचा साधारण २१ किलोटन. आजवरचा सगळ्यात मोठा रशियाचा, ३० ऑक्टोबर १९६१, सुमारे ५० मेगाटन, म्हणजे हिरोशिमासारखे तीन हजारांवर.

गोकाकचा धबधबा ५२ मीटर, तिथे एक हजार लिटर पाणी पडलं की सुमारे ५ लाख १० हजार ज्यूल, टीएनटीत १२२ ग्रॅम. पावसाळ्यात तिथे उभं राहून पायाला जो थरार जाणवतो तो याचाच.

११. हजार पट मोठा बॉम्ब म्हणजे हजार पट नुकसान का?

नाही. धक्का चारी बाजूंना, वर पण पसरतो, त्यामुळे अंतर घनमुळाने वाढतं. ऊर्जा आठपट केली तर तेवढाच धक्का दुप्पट अंतरावर पोचतो. हजारपट केली तर दहापट अंतर, म्हणजे शंभरपट क्षेत्रफळ. उष्णतेचं गणित वेगळं, ती यापेक्षा लांब पोचते, म्हणून मोठ्या अणुबॉम्बमध्ये आगीने होणारं नुकसान धक्क्याच्या पुढे जातं. रेडिएशन तर टन टीएनटीत दिसतच नाही. हिरोशिमाची माणसं पुढे कित्येक वर्षं आजारी पडत राहिली, ते १५ या आकड्यात कुठेच नाही, हे विसरू नका.

१२. लेबनॉनमधल्या बैरूतला २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं म्हणे, मग स्फोट २.७५ किलोटनचा का नाही म्हणत?

९ नंबरमधला गुणक इथे लावा. अमोनियम नायट्रेटचा गुणक साधारण ०.४२, म्हणून हिशोबाने १.१५ किलोटनच्या आसपास. ४ ऑगस्ट २०२० च्या त्या स्फोटाचे शास्त्रज्ञांचे अंदाज अर्ध्या किलोटनपासून १.१ किलोटनपर्यंत आहेत, कारण सगळा माल एकदम फुटेलच असं नसतं.

१३. भूकंपाचा रिश्टर आकडा टन टीएनटीत कसा करायचा?

भूकंपाच्या आकड्याला दीडने गुणा, ४.८ मिळवा, जे येईल तेवढा १० चा घात, उत्तर ज्यूलमध्ये. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, आकडा ६.२. दीडपट ९.३, अधिक ४.८, झाले १४.१. दहाचा १४.१ वा घात म्हणजे साधारण १२६ लाख कोटी ज्यूल, ३० किलोटन.

इथे दशांश फार महाग पडतो. एक अंक वाढला की ऊर्जा ३२ पट, दोन वाढले की १,००० पट. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप कुठे ६.३ लिहिलेला दिसेल, कुठे ६.६. फक्त ०.३ चा फरक, पण ऊर्जेत जवळजवळ तिपटीचा. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही, मोजायच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. आणि ही फक्त लाटांची ऊर्जा, खडक मोडण्यात आणि घासण्यात गेलेली यात धरलेली नाही.

१४. मग पोखरणला ५.२ चा धक्का नोंदला होता, त्यावरून किलोटन काढले तर एकच येतो. सरकारने तर जास्त सांगितलं होतं?

फार चांगला प्रश्न, एका पीयूसीच्या मुलीने पाठवला होता. १३ नंबरचा फॉर्म्युला उलटा लावायचा नाही. तो लाटांमध्ये गेलेली ऊर्जा देतो, आणि जमिनीखालच्या अणुचाचणीत लाटांमध्ये जाणारा वाटा अगदी थोडा असतो, बाकी सगळी खडक वितळवण्यात आणि चुरा करण्यात जाते. किती जाते ते खडकावर आणि खोलीवर अवलंबून, कठीण ग्रॅनाईटमध्ये धक्का मोठा, कोरड्या सैल मातीत लहान. म्हणून ११ मे १९९८ च्या चाचण्यांच्या किलोटनवरून आपले शास्त्रज्ञ आणि बाहेरचे भूकंपतज्ज्ञ यांच्यात वाद झाला. थर्मोन्यूक्लियर (हायड्रोजन बॉम्बच्या) चाचणीचा अधिकृत आकडा ४५ किलोटनच्या आसपासचा, बाहेरच्यांचे अंदाज त्याहून बरेच कमी, आणि २००९ मध्ये त्या कामात असलेले के. संथानम यांनी पण शंका मांडली होती. १८ मे १९७४ च्या पहिल्या चाचणीचंही तसंच, १२ किलोटन सांगितलं गेलं, काहींचे अंदाज कमी. परीक्षेत विचारलं तर अधिकृत आकडा लिहा आणि तसं नमूद करा.

१५. इंग्लिश बातमीत मिलियन, बिलियन असतं, मराठीत करताना चुकतं.

मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी म्हणजेच एक अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. मेगा, गीगा, टेरा याच क्रमाने. १ किलोटन म्हणजे ४.१८४ टेराज्यूल, आपल्या भाषेत ४ लाख १८ हजार ४०० कोटी ज्यूल. भाषांतरात मिलियनचा अब्ज झालेला मी कितीदा बघितलाय, एका शब्दाने हजारपटीची चूक.

१६. एसी दीड टनचा, मोटर ५ एचपीची, इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएच. हे टीएनटीत करता येतं का?

एसीचा टन वेगळाच, ती उष्णता बाहेर काढायची शक्ती आहे, १ टन म्हणजे ३.५ किलोवॉट. टीएनटीशी काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. एचपी पण शक्तीच, १ एचपी ७४६ वॉट, त्यामुळे किती तास चालवली ते सांगितल्याशिवाय ऊर्जा निघत नाही. ५ एचपी एक तास चालली तर ३.७३ युनिटचं काम, साधारण ३.२ किलो टीएनटी (मीटरवर याहून जास्त पडेल, मोटर स्वतः थोडं खाते). बॅटरीचे एएच म्हणजे अँपिअर-तास, त्यांना व्होल्टने गुणा, १५० गुणिले १२, झाले १,८०० वॉट-तास, १.८ युनिट, दीड किलोच्या थोडं वर टीएनटी. अजून एक टन आहे, देशाच्या ऊर्जेच्या अहवालात येणारा टन तेल, तो जवळजवळ दहा टन टीएनटीएवढा धरा.

१७. एक ग्रॅम वस्तू पूर्ण ऊर्जेत बदलली तर?

प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणायचं, साधारण ९० लाख कोटी ज्यूल येतात, टीएनटीत सरळ सांगते, साडेएकवीस किलोटन. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये ६४ किलो युरेनियम होतं, त्यातलं किलोभर पण फुटलं नाही, आणि प्रत्यक्षात ऊर्जेत बदललेलं वस्तुमान सुमारे ०.७ ग्रॅम. एका मण्याएवढं.

१८. दोन ॲपमध्ये एकाच प्रश्नाची दोन उत्तरं येतात, कुठलं बरोबर?

बहुधा दोन्ही. कॅलरी दोन चालतात, एक ४.१८४ ज्यूलची आणि एक ४.१८६८ ज्यूलची. टीएनटीसाठी नेहमी पहिली. फरक हजारात एकापेक्षा कमी, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या अंकात दिसतो. आकडे हजारपटीने वेगळे आले तर मात्र कॅलरी आणि किलोकॅलरीची अदलाबदल झालीय, बिस्किटाच्या पुड्यावर ज्याला आपण कॅलरी म्हणतो ती किलोकॅलरी असते. आणि स्फोटाच्या उत्तरात आठ दशांश स्थळं लिहू नका, अंदाजच जिथे अर्धा ते १.१ आहे तिथे दोन अंक पुरतात.